गोटीचा भुलभुलैया
(इयत्ता चौथी, शनिवारच्या कार्यानुभवावरून)



या अंकात मी गोटीचा भुलभुलैया कसा करायचा ते सांगणार आहे. भुलभुलैया म्हणजे वाट चुकवणारी जागा. खोक्याच्या झाकणात आडव्या-उभ्या भिंती चिकटवल्या की त्यात गल्ल्या तयार होतात. काही गल्ल्या पुढे जातात, काही मधेच बंद होतात. झाकण दोन्ही हातांत धरायचं, हळूच इकडे-तिकडे कलतं करायचं आणि गोटी सुरुवातीपासून घरापर्यंत न्यायची. गोटीला बोट लावायचं नाही. एवढाच खेळ आहे. पण आम्ही तो अंगणवाडीच्या मुलांना घेऊन केला. लहान मुलांबरोबर करायचा म्हटलं की पुष्कळ गोष्टी बदलतात. त्याच मी जास्त लिहिणार आहे.

आधी पालकांसाठी थोडंसं. गोट्या म्हटलं की घरी मोठी माणसं रागावतात. "गोट्या खेळत बसलास" म्हणजे वेळ वाया घालवलास असाच अर्थ असतो. आमचे आजोबा म्हणतात, गोट्या खेळणारी पोरं शेवटी पारावर बसतात. मुलींना तर आणखी ऐकावं लागतं, की हा पोरांचा खेळ आहे. माझ्याकडे सात गोट्या आहेत आणि माझा नेम पण चांगला आहे, पण ते असो. या खेळात कुणी कुणाच्या गोट्या जिंकत नाही. भांडण होत नाही. आधी मापं घ्यावी लागतात, मग विचार करावा लागतो, आणि हात शांत ठेवावा लागतो. आमचं झाकण तयार झाल्यावर आजोबांनीच ते अर्धा तास हातातून सोडलं नाही. "ही गल्ली बंद का केली?" असं मलाच विचारत होते.

आता साहित्य. बुटाच्या खोक्याचं झाकण सगळ्यात चांगलं. नसेल तर दुकानदाराकडे खोका मागायचा. खोक्याचा खालचा भाग चार-पाच सेंटिमीटर कडा ठेवून कापला की झाकणासारखाच होतो. खळीसाठी दोन चमचे गव्हाचं पीठ. पट्टी, पेन्सिल, कात्री. एक जुना सुती कपडा. थोडी मळलेली कणीक, ती कशाला ते पुढे येईल. आणि भिंतींसाठी कडबा.

कडबा म्हणजे ज्वारीची वाळलेली धाटं, हे आपल्याला सांगायला नको. पण भिंतीसाठी कडबा घ्यायचा हे कुणाला सुचत नाही. शहरातली मुलं आईसफ्रूटच्या काड्या घेतात असं आमच्या गुरुजींनी सांगितलं. आपल्याकडे एवढ्या काड्या कुठून येणार? गोठ्यामागच्या गंजीत पाहिजे तेवढी धाटं असतात. त्यांची आपण बैलगाडी करतोच की. धाट बोटाएवढं जाड आणि सरळ निवडायचं, पेरं कापून टाकायची आणि मधला भाग उभा चिरायचा. मग त्याची एक बाजू सपाट होते आणि एक बाजू गोल राहते. सपाट बाजू खाली चिकटवली की भिंत हलत नाही. पुठ्ठ्याची पट्टी उभी चिकटवायला गेलं तर ती पडते, ही पडत नाही. धाटाची साल मात्र फार धारदार असते, बोट कापतं. म्हणून चिरायचं काम चौथीच्या मुलांनी करायचं, तेही गुरुजी किंवा घरचं मोठं माणूस जवळ असताना. चिरल्यावर कडांवर वाळूकागद फिरवायचा. नंतरच ते तुकडे लहान मुलांच्या हातात द्यायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते मी ठळक अक्षरात लिहिणार होते पण फळ्यावर जागा कमी आहे. लहान मूल गोटी तोंडात घालतं. घालतंच. त्याला गोळी वाटते. काचेची साधी गोटी दीड सेंटिमीटर रुंद असते आणि ती घशात अडकली तर मुलाचा श्वास बंद होतो. म्हणून तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात गोटी मुळीच द्यायची नाही. छर्रे तर कुणालाच द्यायचे नाहीत. सायकलच्या दुकानात मिळतात ते पोरं खिशात घेऊन फिरतात, ते गोटीपेक्षा लहान असतात आणि लगेच गिळले जातात.

आम्ही गोट्या मोजून काढायचो आणि मोजून ठेवायचो. अंगणवाडीच्या ताई डबा उघडून मोठ्याने म्हणायच्या, "एक, दोन, तीन, चार." मुलं पण म्हणायची. खेळ संपला की परत चार. चार झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. एकदा तीनच भरल्या. सगळी मुलं उठून सतरंजी झटकायला लागली, तर चौथी गोटी सतरंजीखालीच होती. मोजलं नसतं तर ती तिथेच राहिली असती आणि दुसऱ्या दिवशी रांगणाऱ्या कुणाला तरी सापडली असती. मुलांना यातून चारपर्यंत आकडे आले हा आणखी एक फायदा.

आशाताईंना मी विचारलं की कुणाच्या घशात गोटी अडकलीच तर काय करायचं. त्या म्हणाल्या, मूल खोकत असेल तर खोकू द्यायचं, तोंडात उगाच बोट घालून चाचपायचं नाही, त्याने गोटी आणखी आत जाते. खोकता येत नसेल, आवाज निघत नसेल, तर मोठ्याने ओरडून माणसं बोलवायची, मुलाला पुढे वाकवून डोकं खाली करायचं आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाठीवर तळहाताने पाच वेळा जोरात मारायचं. आणि १०८ ला फोन लावायला सांगायचं. हे मोठ्या माणसांचं काम आहे, पण मोठं माणूस शेतात असेल तर आपल्याला ठाऊक पाहिजे.

घरात एकदम तान्हं मूल असेल आणि त्याला पण खेळायचं असेल, तर सूप घ्या आणि त्यात मोसंबी ठेवा. सूप कलतं केलं की मोसंबी घरंगळते. माझा मामेभाऊ दीड वर्षाचा आहे. तो यावर हसून हसून लोळतो.

आता कृती. झाकणाला लगेच हात लावायचा नाही. आधी अंगणात मोठा भुलभुलैया आखायचा. आम्ही शाळेच्या मैदानात राखेने रेघा ओढल्या. दोन रेघांमधे एका मुलाला जाता येईल एवढी वाट ठेवली. मग अंगणवाडीतलं एकेक मूल गोटी झालं. रेघेवर पाय द्यायचा नाही, रेघ म्हणजे भिंत. बंद गल्लीत गेलं की मागे फिरायचं. लहान मुलांना झाकणातली वाट एकदम कळत नाही. पण स्वतः चालून बघितली की कळते. शिवाय डावीकडे, उजवीकडे हे शब्द पण पायांना समजतात. माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा आहे, तो अजून जेवताना डावा हात पुढे करतो, पण भुलभुलैयात "उजवीकडे वळ" म्हटलं की बरोबर वळतो.

मैदानात चालताना गुरुजींनी अभिमन्यूची गोष्ट सांगितली. त्याला चक्रव्यूहात शिरता येत होतं पण बाहेर पडता येत नव्हतं, हे सगळ्यांना माहीत आहे. मग त्यांनी लखनौचं पण सांगितलं. तिथे बडा इमामबाडा नावाची फार मोठी इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यावर खराखुरा भुलभुलैया आहे, अरुंद वाटा आणि जिने, माणसं खरंच चुकतात. नवाब असफउद्दौला यांनी १७८४ साली ती इमारत बांधायला घेतली. तेव्हा दुष्काळ होता, म्हणून लोकांना काम मिळावं हा त्यात हेतू होता. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात लोक दुष्काळी कामावर जायचे, रस्ते आणि तलाव केले, तसंच. माझी पणजी खडी फोडायला जायची. तिला मी लखनौचं सांगितलं तर ती म्हणाली, "आमाला बी असलं कायतरी बांधायला दिलं असतं तर बरं झालं असतं."

गुरुजींनी एक युक्ती पण सांगितली. भुलभुलैयात शिरलं की एक हात भिंतीला लावायचा आणि तो न सोडता चालत राहायचं. उशीर होईल, बंद गल्ल्यांत पण जावं लागेल, पण शेवटी बाहेर निघता येतं. मात्र सगळ्या भिंती बाहेरच्या भिंतीला जोडलेल्या असतील तरच. मधे एखादी सुटी भिंत असली तर तिच्याभोवतीच फेऱ्या होऊ शकतात. आम्ही राखेच्या रेघांवर करून बघितलं. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

मग झाकण घेतलं. तळाला आधी सुती कपडा खळीने चिकटवला. याचं कारण असं की नुसत्या गुळगुळीत पुठ्ठ्यावर गोटी फार पळते आणि लहान मुलाला ती थांबवता येत नाही. कपड्यावर ती सावकाश जाते. आवाज पण कमी होतो, नाहीतर शेजारच्या वर्गातून निरोप येतो.

आता भिंती. इथे मोठ्या मुलांनी हात मागे घ्यायचे. हे फार अवघड आहे. आपल्याला वाटतं की आपण पटापट आखून देऊ, लहानांनी नुसती खळ लावावी. पण मग तो भुलभुलैया आपला होतो, त्यांचा होत नाही, आणि दोन मिनिटं खेळून ते उठून जातात. आम्ही असं केलं की भिंती चिकटवायच्याच नाहीत, नुसत्या ठेवायच्या. प्रत्येक भिंतीच्या टोकाला खाली कणकेचा छोटा गोळा लावायचा म्हणजे ती तेवढ्यापुरती बसते. मग गोटी सोडायची. गोटी अडकली तर भिंत उचलून दुसरीकडे ठेवायची. परत गोटी सोडायची. गोटीच सांगते की भिंत कुठे पाहिजे. आम्ही सांगायची गरजच पडली नाही.

याच वेळी एक गोष्ट झाली ती लिहिते. २०२५ च्या दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला तेव्हा ऊसतोडीची माणसं आली. ओढ्याच्या पलीकडे त्यांच्या कोप्या आहेत. त्यातली एक मुलगी अंगणवाडीत येते. पाच वर्षांची आहे. ती रोज यायची, कोपऱ्यात बसायची, खाऊ घ्यायची आणि जायची. महिना झाला तरी एक शब्द बोलली नव्हती. काही मुलांना वाटलं तिला बोलताच येत नाही. आम्ही भिंती ठेवत होतो तेव्हा ती जवळ येऊन उभी राहिली. माझ्या भावाने एक भिंत आडवी ठेवली तर गोटीला जायला जागाच उरली नाही. ती खाली बसली, भिंत उचलली आणि म्हणाली, "हितं भित नको. गोटीला वाट लागती ना."

तिला म्हणायचं होतं गोटीला जायला वाट पाहिजे. पण "वाट लागली" म्हणजे आपल्याकडे काय ते तुम्हाला माहीतच आहे, म्हणून सगळे हसायला लागले. मला वाटलं आता ही परत कोपऱ्यात जाईल. पण गुरुजी म्हणाले, "दोन्ही बरोबर आहे. वाट नसली की गोटीची वाटच लागते." मग ती पण हसली. त्या दिवशी अर्ध्या भिंती तिने ठेवल्या. धाटं तिला आमच्यापेक्षा चांगली हाताळता येतात. कुठलं धाट पोकळ आणि कुठलं भरीव हे ती नुसतं दाबून सांगते.

मापाचं सांगायचं राहिलं. गोटी दीड सेंटिमीटर, म्हणून गल्ली निदान तीन सेंटिमीटर पाहिजे, म्हणजे गोटीच्या दुप्पट. लहान मुलांसाठी चार ठेवा. पट्टीने मोजायला त्यांना येत नसेल तर त्यांची तीन बोटं मावतील एवढी गल्ली म्हणा. आणि लांब सरळ गल्ली ठेवायची नाही. एक वीत झाली की वळण आणायचंच. का ते सांगते.

इटलीत गॅलिलिओ नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी लाकडाच्या लांब तुळईला खोबण पाडून ती गुळगुळीत केली, तुळई एका बाजूने उचलली आणि खोबणीतून ब्राँझचा गोळा सोडला. तेव्हा सेकंद मोजायला आजच्यासारखं घड्याळ नव्हतं. म्हणून भांड्यातून बारीक धार सोडून पडलेलं पाणी तोलून वेळ काढली. त्यांना असं दिसलं की दुप्पट वेळ दिला तर गोळा दुप्पट नाही, चौपट लांब जातो. हे त्यांनी १६३८ साली छापलेल्या पुस्तकात लिहिलं. आम्ही व्हरांड्यात चार फुटांची फळी ठेवली आणि एका टोकाखाली पुस्तकं घातली. गुरुजी सारख्या अंतराने टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या टाळीला गोटी फळीच्या शेवटी पोचेल एवढा उतार करून घेतला. मग बघितलं तर पहिल्या टाळीला ती एका फुटाजवळच होती! उरलेले तीन फूट तिने दुसऱ्या टाळीत काढले. म्हणजे उतारावर गोटी जितकी जास्त जाते तितकी ती आणखी पळते. लांब गल्लीत ती इतका जोर धरते की वळणावर भिंतीवरून उडते. लहान मूल झाकण एकदम खूप कलतं करतं, त्यामुळे तर नक्कीच उडते. वळण आलं की गोटी भिंतीला टेकते, थांबते, आणि परत पहिल्यापासून सुरुवात करते.

भिंती जागेवर पक्क्या ठरल्या की पेन्सिलीने खुणा करायच्या आणि खळीने चिकटवायच्या. खळ अशी करायची. दोन चमचे पीठ थोड्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, मग एक वाटी पाणी घालून मंद आचेवर सारखं ढवळायचं. घट्ट आणि चकचकीत झाली की उतरवायची. हे आईने करायचं. चिमूटभर तुरटी घातली तर खळ लवकर आंबत नाही. काही जण खळीत मोरचूद घालतात म्हणजे कीड लागत नाही आणि उंदीर खात नाही. ते लहान मुलांच्या वस्तूत अजिबात घालू नका, मोरचूद विषारी असतो, आणि मुलं बोटं चाटतात. आमच्या मुलांनी तर खळच चाटली. नुसतं पीठ होतं म्हणून काही झालं नाही. झाकण दोन दिवस सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवलं तर पुठ्ठा वाकडा होतो.

खेळायचं कसं ते मुलं स्वतःच ठरवतात. आमच्या मुलांनी त्याला "मेंढरं वाड्यात" असं नाव दिलं. गोट्या म्हणजे मेंढरं, शेवटचा चौकोन म्हणजे वाडा, चारही मेंढरं आत नेली की झालं. एक मेंढरू आत नेलं की दुसरं बाहेर पळतं, त्यामुळे हा खेळ वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. गंमत म्हणजे असाच खेळ अमेरिकेत १८८९ साली चार्ल्स क्रँडॉल या खेळणी करणाऱ्या माणसाने काढला होता. त्यात गोट्या म्हणजे डुकरं होती आणि ती गोल गोल भिंतींमधून मधल्या खुराड्यात न्यायची असायची. तिकडे त्याचं मोठ्या माणसांनाही फार वेड लागलं होतं. आमच्या मुलांना हे कुणी सांगितलं नव्हतं, त्यांना आपोआप मेंढरं सुचली.

आता बंद भुलभुलैया कसा करायचा ते. हा मला सगळ्यात जास्त आवडतो.

त्या ऊसतोडीच्या मुलीला असाच एक आपल्या कोपीत न्यायचा होता. ती मागत नव्हती, पण रोज घरी जाताना झाकणाकडे बघायची. ताई म्हणाल्या, देऊ या की एक करून. पण तिला एक धाकटा भाऊ आहे, तो वर्षाचा आहे. आई-बाप पहाटे उसात जातात आणि ती त्याला सांभाळते. तो सगळं तोंडात घालतो, माती सुद्धा. त्याच्याजवळ सुटी गोटी द्यायची कशी? ताई म्हणाल्या, मग नको. ती काहीच बोलली नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बाजाराच्या दिवशी मी आजोबांबरोबर गोटी सोडा प्यायला गेले होते. त्या बाटलीच्या गळ्यात गोटी असते. ती बाटली हिरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाने शोधली, १८७२ साली तिची नोंद झाली. आत वायू कोंडलेला असतो, तो गोटीला वर दाबून धरतो, गळ्यात रबराची कडी असते तिच्यावर गोटी घट्ट बसते आणि बाटली बंद राहते. गोटी आत ढकलली की फट्ट आवाज येतो. बाटलीच्या गळ्याला दोन खाचा असतात, पिताना गोटी त्यांना अडकते, म्हणून तोंडाशी येत नाही. लहानपणी ती गोटी काढायला मी किती धडपड केली! बाटली फोडल्याशिवाय ती निघत नाही. गोटी दिसते पण निघत नाही. तेव्हा मला वाटलं, आपल्याला हेच पाहिजे.

म्हणून आम्ही मिठाईच्या खोक्याचं झाकण घेतलं आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिक बसवलं. नवीन शर्टाच्या खोक्याला असतं तसलं जाड. इथे गणित करावं लागतं. गोटी दीड सेंटिमीटर, म्हणून झाकणाची खोली दोन सेंटिमीटर ठेवली, म्हणजे गोटी प्लास्टिकला न घासता फिरते. चिरलेल्या धाटाची भिंत एक सेंटिमीटर उंच. मग भिंत आणि प्लास्टिक यांच्यामधे किती जागा राहिली? दोन वजा एक, एक सेंटिमीटर. दीड सेंटिमीटरची गोटी एक सेंटिमीटरच्या फटीतून जाईल का? नाही. म्हणजे झाकण उलटं केलं तरी गोटी भिंत ओलांडत नाही. हे गणित दुसरीच्या मुलांनी सोडवलं.

प्लास्टिक नुसतं चिकटपट्टीने लावून चालत नाही, पट्टी सुटते. ते कडांवरून खाली दुमडून शिवायला पाहिजे. आमच्याकडून पुठ्ठा नीट शिवला जात नव्हता, सुई वाकत होती. तेव्हा त्या मुलीने ते सगळं घरी नेलं, गोटी आमच्याकडेच ठेवून. संध्याकाळी तिची आई उसातून आल्यावर स्वतः आमच्या दारात आली. हातात दाभण आणि जाड दोरा होता. "गोधड्या शिवतो आम्ही, ह्याला काय लागतंय," म्हणाली. ओट्यावर बसून तिने तीन बाजू शिवल्या, मग मी गोटी आत टाकली, आणि तिने चौथी बाजू शिवली. टाके इतके जवळजवळ होते की गव्हाचा दाणा पण निघाला नसता. वरून चिकटपट्टी लावली. आम्ही ते झाकण वीस वेळा जोरात हलवलं आणि कमरेएवढ्या उंचीवरून पाच वेळा खाली टाकलं. गोटी आतच राहिली. ताईंनी बघितलं आणि मग हो म्हणाल्या.

आता बाळ ते झाकण चाटतं, आपटतं, आतल्या गोटीकडे बघून ओरडतं. पण गोटी आत आहे.

अशा बंद भुलभुलैयाची काळजी एवढीच, की पुठ्ठा भिजू द्यायचा नाही. भिजला की मऊ पडतो आणि टाके फाटतात. दर आठवड्याला कडा ओढून बघायच्या. एक टाका जरी सुटलेला दिसला तरी गोटी काढून मोठ्या माणसाकडे द्यायची आणि परत शिवायचं.

कारखान्याचा पट्टा पडला की ती माणसं गावी जातील. छोटा भुलभुलैया तिच्या बरोबर जाणार आहे. मोठा अंगणवाडीच्या खिडकीत ठेवला आहे, पालकांनी जाताना जरूर बघावा. गोट्या ताईंच्या डब्यात वरच्या फळीवर आहेत. चार आहेत. खेळून झाल्यावर मोजून द्या.